मांजर सोफ्यावर, गादीवर शू करतंय? सुरुवात कुठून करायची आणि पुढे काय काय करायचं

तुमच्याकडे बोका असेल, तो आज पुन्हा पुन्हा शू-शीच्या ट्रेमध्ये जाऊन बसत असेल, जोर लावत असेल, पण शू होत नसेल किंवा थेंबथेंबच होत असेल, तर पुढचं वाचू नका. त्याला उचला आणि डॉक्टरकडे न्या. रात्र असली तरी न्या. बोक्याची मूत्रनलिका फार अरुंद असते आणि खड्यांची बारीक रेती किंवा चिकट स्राव अडकून ती बंद होते. लघवी तुंबली की रक्तातलं पोटॅशियम वाढतं, हृदयाचे ठोके बिघडतात आणि एक-दोन दिवसांत जनावर हातचं जातं. पुष्कळांना वाटतं की याला शी होत नाहीये, मग एरंडेल किंवा तूप पाजण्यात मोलाचे तास निघून जातात. पोट दाबून बघू नका. माणसांची दुखण्यावरची गोळी तर अजिबात देऊ नका, कारण पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराच्या जिवावर बेतते.

रात्री-अपरात्री उघडा असणारा प्राण्यांचा दवाखाना आपल्या भागात कुठला, हे आजच विचारून नंबर फोनमध्ये ठेवा. मुंबईत परळला, लोक ज्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात ते बाई साकरबाई पेटिट रुग्णालय आहे आणि १८८६ साली सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालयही परळलाच आहे. प्रत्येक गावात अशी सोय नसते, म्हणूनच हे काम आधी करून ठेवायचं.

शू व्यवस्थित होतेय, फक्त नको तिथे होतेय, असं असेल तर आता सावकाश वाचा.

आमच्या सोन्याने चार वर्षं एकदाही ट्रे चुकवला नव्हता. एका जूनमध्ये त्याने हॉलमधल्या दिवाणावर शू केली, दोन दिवसांनी पुन्हा, मग रोज. मी त्याच्यावर ओरडले, त्याला गादीजवळ नेऊन वास घ्यायला लावला. त्या आठवणीचं मला आजही वाईट वाटतं, कारण तेव्हा त्याच्या मूत्राशयाला सूज होती. दुखणं ट्रेमध्ये होत होतं, म्हणून तो ट्रे टाळत होता आणि मऊ जागा शोधत होता. मांजर सूड म्हणून गादी भिजवत नाही. त्या घडीला त्याला ट्रेपेक्षा गादी बरी वाटते, म्हणून ते गादी निवडतं. ती बरी का वाटली, हे शोधायचं. शोधण्याचा एक क्रम आहे आणि तो सोडला की महिने वाया जातात.

पहिलं काम: डॉक्टर आणि लघवीची तपासणी

नवा ट्रे, नवं लिटर (म्हणजे ट्रेमध्ये भरायची माती), फवारे यांवर पैसे घालण्याआधी लघवी तपासून घ्या. मांजर वरून ठणठणीत दिसतं, खातं-पितं, खेळतं, तरी आत त्रास असतो. दुखणं लपवण्यात या जातीचा हात कोणी धरणार नाही.

लघवीचा नमुना घरी घेता येतो. ट्रे साबणाने धुऊन कोरडा करायचा आणि लिटरऐवजी मत्स्यालयात घालतात तसले स्वच्छ धुतलेले बारीक खडे थोडेसे पसरायचे. खडे लघवी शोषत नाहीत. मांजर जाऊन आलं की बिनसुईच्या सिरिंजने लघवी ओढून झाकणाच्या स्वच्छ डबीत घ्यायची आणि तास-दोन तासांत दवाखान्यात पोचवायची. हे जमलं नाही तर डॉक्टर सोनोग्राफीत बघत पोटातून सुईने नमुना घेतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण बहुतेक मांजरं ते शांतपणे करू देतात आणि तो नमुना सर्वांत शुद्ध असतो.

तरुण मांजरात जंतुसंसर्ग तसा कमी सापडतो. जास्त वेळा सापडते ती मूत्राशयाची सूज, जिच्यामागे जंतू नसतात आणि ताण मात्र बहुधा असतो. त्यामुळे तपासणीशिवाय अँटिबायोटिकचा कोर्स लिहून मिळाला, तर ‘लघवी तपासायची का?’ असं नम्रपणे पण नक्की विचारा. स्ट्रुव्हाइटचे खडे खास आहाराने विरघळू शकतात, कॅल्शियम ऑक्झलेटचे विरघळत नाहीत, म्हणून खडा कुठला हे कळणं महत्त्वाचं. मांजर सात-आठ वर्षांच्या पुढचं असेल तर रक्ततपासणीही करा. मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह, थायरॉइड यांत पाणी पिणं आणि लघवी दोन्ही वाढतात आणि ट्रे लवकर भरतो. म्हाताऱ्या मांजराचे गुडघे आणि कंबर दुखत असेल तर उंच काठाचा ट्रे चढणं त्याला नको होतं. तिथे औषधाइतकाच बुटक्या काठाचा ट्रे कामाला येतो.

शू की चिळकांडी, हे ओळखा

बसून केलेली शू आडव्या जागी असते: गादी, उशी, पायपुसणं, धुवायच्या कपड्यांचा ढीग. डाग मोठा असतो. चिळकांडी मारताना मांजर उभं असतं, शेपूट ताठ, शेपटीचं टोक थरथरतं आणि मागच्या मागे थोडीशी लघवी उडते. ती सोफ्याच्या पाठीवर, पडद्यावर, दाराच्या चौकटीवर, फ्रीजच्या कडेला दिसते. ही खुणेची लघवी. ‘ही जागा माझी’ असं इतर मांजरांना सांगण्याची त्यांची रीत आहे. बोका जास्त करतो, पण भाटीही करते.

चिळकांडी असेल आणि नसबंदी झालेली नसेल तर बाकी सगळे उपाय नंतर. आधी नसबंदी. दहापैकी साधारण नऊ बोक्यांची चिळकांडी त्याने थांबते किंवा खूपच कमी होते. पाच-सहा महिन्यांच्या वयात, सवय लागण्याआधी केली तर उत्तम. मोठ्या बोक्याच्या बाबतीत शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे धीर धरा, अंगातली संप्रेरकं उतरायला वेळ लागतो.

घरात दोन-तीन मांजरं असतील तर हा उद्योग नेमका कोणाचा, हेही ठरवावं लागतं. जुना फोन सोफ्याकडे तोंड करून रेकॉर्डिंगवर ठेवला की पुरतं. बिचाऱ्या भलत्याच मांजराला शिक्षा होण्याचं प्रमाण मोठं आहे.

वास खरोखर घालवा, झाकू नका

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण बहुतेक घरांची गाडी इथेच अडते.

मांजराच्या लघवीत फेलिनिन नावाचं गंधकयुक्त अमिनो आम्ल असतं. ते हळूहळू फुटतं आणि तो ओळखीचा उग्र दर्प येतो. युरियाचा अमोनिया होतो. शिवाय यूरिक आम्लाचे क्षार पाण्यात सहज विरघळत नाहीत, ते कापसात आणि फोममध्ये बसून राहतात. म्हणूनच उन्हाळ्यात ‘गेला’ वाटलेला वास पावसाळ्यात हवा दमट झाली की परत येतो. आपल्या नाकाला तो आला नाही तरी मांजराला येतो आणि त्याच्या लेखी ती जागा शू करायची ठरलेली असते.

काय वापरायचं नाही, ते आधी सांगते.

फिनाईल नको. आपल्याकडे घाण म्हटली की बाटली तीच उघडते, पण फिनॉलच्या जातीची द्रव्यं मांजराच्या यकृताला नीट निचरता येत नाहीत. पंजाला लागलेलं ते चाटतं आणि विषबाधा होते. पाण्यात टाकल्यावर दुधासारखं पांढरं होणारं जंतुनाशकही याच कारणासाठी नको. ब्लीच लघवीवर ओतलं तर घशाला झोंबणारा विषारी वायू तयार होतो. अमोनियावाला क्लीनर लघवीसारखाच वास देतो, म्हणजे उलट आमंत्रणच. मांजराने तिथे जाऊ नये म्हणून डांबर गोळ्या, कापूर, निलगिरीचं तेल, तिखट यांतलं काही ठेवू नका. डांबर गोळ्या आणि ही तेलं विषारी आहेत आणि तिखटाने डोळे-पंजे भाजतात. लिंबाची सालं ठेवून काही बिघडत नाही, पण काही घडतही नाही.

वापरायचं एन्झाइमवालं क्लीनर. प्राण्यांच्या वस्तूंच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतं. नाही मिळालं तर ज्या धुण्याच्या पावडरीच्या पाकिटावर ‘एन्झाइम’ लिहिलेलं असतं ती एक भाग, कोमट पाणी दहा भाग. गरम पाणी किंवा वाफ नको, त्याने डाग कापडात पक्का बसतो. सोफ्याच्या कापडाचा रंग जातो का, हे मागच्या कोपऱ्यात आधी बघा.

ताजी शू असेल तर घासू नका. जुना टॉवेल दाबून, वर उभं राहून जेवढी टिपता येईल तेवढी टिपा. मग क्लीनर असं ओता की शू जिथवर उतरली तिथवर ते उतरेल. नुसता वरवर फवारा मारून काही होत नाही. वर प्लास्टिकचा कागद पसरून निदान तासभर, डाग जुना असेल तर रात्रभर, जागा ओली ठेवा. एन्झाइमचं काम ओलाव्यातच चालतं. मग साध्या पाण्याने पुसून, टिपून पंख्याखाली पूर्ण वाळवा. वाळेपर्यंत मांजराला त्या खोलीत सोडू नका.

सोफ्याच्या गाद्यांना चेन असेल तर खोळ काढून वेगळी धुवा. आतला फोम बाथरूममध्ये ठेवून वर द्रावण ओता, पायाने दाबत राहा, पिळा, पुन्हा ओता. नंतर साधं पाणी, आणि फोम उभा करून पंख्यासमोर दोन दिवस. पावसाळ्यात तीनही लागतात. फोम बरेचदा भिजलेला असेल तर माझं मत सरळ आहे: तो फेका. फोमवाल्याकडून मापाचा नवा तुकडा कापून आणा आणि खोळीत घालण्याआधी त्याला जाड प्लास्टिक किंवा रेक्झिन गुंडाळा. क्लीनरच्या चार बाटल्या रिकाम्या करूनही जे होत नाही ते याने होतं.

कापसाच्या गादीचं दुखणं वेगळं. कापूस खोलवर पितो आणि आतून वाळत नाही. डाग ताजा आणि लहान असेल तर वरचा उपाय करून कडक उन्हात दोन-तीन दिवस उलटून-पालटून वाळवा. जुना असेल तर गादीवाल्याला बोलवा, उसवून भिजलेला कापूस काढून टाका, बाकीचा पिंजून घ्या आणि खोळ नवी करा. आम्ही दिवाणाचं तेच केलं. नव्या गादीवर, चादरीखाली, तान्ह्या बाळाच्या दुपट्याखाली घालतात ते मेणकापड अंथरलं. आजही ते तिथेच आहे.

लाकडी पायांत, प्लायवूडच्या कडांत शू मुरली असेल तर स्वच्छ करून, पूर्ण वाळवून वरून पॉलिश किंवा वॉर्निशचा हात द्यावा लागतो. फरशीच्या सांध्यांत जुना दात घासायचा ब्रश वापरा.

विसरलेले डाग शोधायला अंधारात अतिनील प्रकाशाची छोटी टॉर्च मारा. लघवी पिवळट-हिरवट चमकते. धुण्याच्या पावडरीचे अंशही चमकतात, त्यामुळे शेवटची खात्री नाकाने करायची.

ट्रे मांजराच्या नजरेने बघा

आमच्याकडे दुसरी आणि तिसरी चूक इथे सापडली. मे महिन्यात जागा हवी म्हणून मी ट्रे ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी हलवला होता. जूनमध्ये तिथे पावसाचे शिंतोडे यायला लागले आणि लिटरचा चिखल व्हायचा. एकदा मशीन जोरात फिरायला लागलं तेव्हा सोन्या ट्रेमध्येच होता. शिवाय त्याच महिन्यात लव्हेंडरच्या वासाचं लिटर आणलं होतं. वास माझ्यासाठी होता, त्याच्यासाठी नव्हता.

ट्रेंची संख्या: जितकी मांजरं, त्याहून एक जास्त. दोन मांजरांना तीन. हे ट्रे शेजारी-शेजारी मांडले तर मांजराच्या हिशेबी ती एकच जागा होते, म्हणून वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा. वन रूम किचनमध्ये हे जमत नाही हे मला माहीत आहे. तिथे निदान दोन टोकांना दोन ठेवा.

आकार मोठा हवा: नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मांजराच्या लांबीच्या दीडपट. दुकानातले ‘कॅट ट्रे’ बहुतेक लहान असतात. त्यापेक्षा कपडे ठेवायचा मोठा प्लास्टिकचा डबा घ्या आणि एका बाजूचा काठ कापून बुटका करा. बांधकामावरचं मोठं प्लास्टिकचं घमेलंही छान चालतं. झाकणाचे ट्रे आपल्याला देखणे वाटतात, पण आत वास कोंडतो आणि बाहेर कोण आहे ते मांजराला दिसत नाही. मी घेणार नाही.

लिटर बारीक दाण्याचं, बिनवासाचं, ओलं झालं की त्याचा गोळा बनतो असं घ्या. ते बेंटोनाइट मातीचं असतं आणि ही माती आपल्याकडे कच्छ आणि राजस्थानात निघते. थर दोन-अडीच इंच. कुठलं आवडेल याचा अंदाज मांजर स्वतःच देतं. मऊ गादी-कपडे निवडत असेल तर बारीक रेतीसारखं द्या. बेसिन, मोरी, गुळगुळीत फरशी निवडत असेल तर एक ट्रे जवळजवळ रिकामा ठेवून बघा. शंका असेल तर दोन ट्रेंत दोन प्रकार भरून आठवडाभर बघा की कुठला जास्त भरतो. गावाकडे चाळलेली, उन्हात वाळवलेली नदीची रेती कित्येक मांजरं आनंदाने वापरतात.

सकाळ-संध्याकाळ गोळे काढायचे. दोन-तीन आठवड्यांनी सगळं ओतून ट्रे सौम्य साबणाने धुवायचा. घरात कोणी गरोदर असेल तर हे काम दुसऱ्याने करावं आणि रोज करावं. टोक्सोप्लाझ्मा या, गर्भाला अपाय करू शकणाऱ्या परजीवीची अंडी मांजराच्या शीमधून बाहेर पडल्यावर संसर्ग करण्याजोगी व्हायला एक दिवस तरी घेतात, त्यामुळे रोजची सफाई हेच मोठं संरक्षण आहे.

जागा शांत हवी, जेवणाच्या वाटीपासून लांब हवी आणि दार चुकून बंद होणार नाही अशी हवी. आपल्याकडे बाथरूमचं दार ओढून घेण्याची सवय घरात सगळ्यांना असते, त्यामुळे ट्रे आत असेल तर दाराला अडसर लावाच. आणि एक गोष्ट लोकांना पटत नाही, पण ती कामाची आहे: सुरुवातीला ट्रे त्या सोफ्याजवळच ठेवा. पाहुणे बघतील, बघू देत. आठ-दहा दिवस मांजर नेमाने तिथे गेलं की मग रोज वीतभर सरकवत हव्या त्या जागी न्या.

सोफ्याचं काम बदला

जिथे जेवतं तिथे मांजर सहसा शू करत नाही. सोफा धुऊन वाळला की त्याच जागी दिवसातून दोनदा वाटी मांडा, तिथेच दोरी फिरवून खेळवा, तिथे बसून त्याला विंचरा. तोवर रात्री आणि घरात कोणी नसताना वर मेणकापड किंवा जाड प्लास्टिक टाका. खोली बंद करता येत असेल तर करा. ओरडणं, नाक घासणं, पाणी उडवणं पूर्ण बंद. मारलं तर मांजर शू थांबवत नाही, तुमच्यासमोर करायचं थांबवतं आणि पलंगाखाली जातं.

ताण कुठून येतोय

खिडकीच्या ग्रिलमधून सोसायटीतला दांडगा बोका रोज डोकावत असेल तर घरातलं मांजर आतून खुणा करू लागतं. तळमजल्यावर हे फार होतं. काचेच्या खालच्या हातभर भागावर दूधकाच करणारा कागद चिकटवा. भटक्या मांजरांना खाऊ घालत असाल तर जरूर घाला, पण आपल्या खिडकीखाली नको.

घरातली दोन मांजरं भांडताना दिसली नाहीत तरी एक दुसऱ्याची वाट अडवून बसतं. बोळाच्या तोंडाशी पसरलेला तो गोंडस बोका खरं तर ट्रेकडे जाणारा रस्ता धरून बसलेला असू शकतो.

रंगकाम, घर बदलणं, बाळ येणं, गणपतीतली माणसांची वर्दळ, दिवाळीचे फटाके, या सगळ्यांत मांजराला एक छोटी खोली द्या: ट्रे, पाणी, त्याची जुनी न धुतलेली गोधडी आणि बंद दार. आपण चार दिवस गावाला जाऊन आल्यावर ते पलंगावर शू करतं तेव्हा ‘राग काढला’ असं म्हणतात. पण तुमचा वास सगळ्यात जास्त तिथेच असतो आणि घाबरलेलं मांजर आपला वास त्यात मिसळून धीर धरतं.

एवढं करूनही चिळकांडी थांबत नसेल तर मांजरांच्या चेहऱ्यावरच्या गंधासारखा कृत्रिम गंध सोडणारी प्लगमधली यंत्रं मिळतात, काहींना त्यांचा उपयोग होतो. फ्लुऑक्सेटिनसारखी मनावरचा ताण उतरवणारी औषधंही दिली जातात, पण ती फक्त पशुवैद्याने ठरवलेल्या मात्रेत. घरातल्या कोणाची गोळी अर्धी करून देणं म्हणजे जिवाशी खेळ.

पाणी वाढवा

मांजराचे पूर्वज कोरड्या मुलखातले. तहान लागण्याची त्याची जाणीव बेताची आणि लघवी घट्ट. कोरड्या दाण्यात पाणी शेकडा १० च्या आसपास, ओल्या खाण्यात ७५ ते ८०. लघवी पातळ राहिली तर मूत्राशयाचा दाह आणि खडे दोन्हींना आळा बसतो. म्हणून रोज एक वेळ तरी ओलं खाणं द्या किंवा उकडलेल्या चिकनचं पाणी द्या. त्यात मीठ, कांदा, लसूण काहीही नको, कांदा-लसूण मांजराला विषारी आहे. खारवलेली सुकी मासळी रोज नको. पाण्याची भांडी पसरट घ्या आणि घरात तीन-चार ठिकाणी, जेवणापासून दूर ठेवा.

वही ठेवा

कॅलेंडरच्या चौकटीत रोज लिहा: कुठे केली, किती, त्या दिवशी घरात काय झालं, लिटर कधी बदललं. पंधरा दिवसांत काहीतरी आकार दिसू लागतो. आमच्या कॅलेंडरवर दिवाणाच्या खुणा सोमवार आणि गुरुवारी जास्त होत्या. तेच आमचे धुण्याचे वार होते.

सोन्याला औषध आणि ओलं खाणं सुरू झालं, ट्रे बेडरूमच्या कोपऱ्यात आला, लिटर जुनं आलं. पहिल्या आठवड्यात दोनदा चुकला, दुसऱ्यात एकदा, नंतर नाही. तुमच्याकडे महिना लागेल. मधे एखादा दिवस बिघडला तर पुन्हा पहिल्यापासून घाबरू नका, जागा धुवा आणि वहीत लिहा. लागोपाठ तीन दिवस बिघडले, लघवीत लाल झाक दिसली किंवा ते ट्रेमध्ये बसून कण्हायला लागलं, तर वही उचला आणि मांजराबरोबर दवाखान्यात घेऊन जा.